प्रकल्प व्यवस्थापकांसाठी व्यावसायिक प्रमाणपत्राचे मूल्य : भोर व वेल्हे तालुक्यांतील प्रकल्पांच्या संदर्भात

प्रस्तावना

आजच्या स्पर्धेच्या युगात पदवीच्या जोडीला व्यावसायिक प्रमाणपत्रांना विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे. माहिती तंत्रज्ञान, बांधकाम, वाहनांचे सुटे भाग, औषधनिर्मिती अशा विविध क्षेत्रांत ‘प्रकल्प व्यवस्थापक’ या पदाच्या जाहिरातींमध्ये ‘प्रमाणपत्रधारकास प्राधान्य’ अशी ओळ आता नित्याची झाली आहे. साहजिकच पदवीच्या अखेरच्या वर्षात असलेले विद्यार्थी व त्यांचे पालक या प्रमाणपत्रांकडे आशेने पाहतात, आणि ती घ्यावीत किंवा कसे, याविषयी महाविद्यालयातील प्राध्यापकांचा सल्ला घेतात. हा सल्ला देण्याइतकी माहिती आपणांपैकी किती जणांकडे असते, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

काही वर्षांपूर्वी वेल्हे तालुक्यातील एका वाडीवरचा, तृतीय वर्ष वाणिज्य शाखेत शिकणारा विद्यार्थी पुण्यातील एका खासगी प्रशिक्षण वर्गाचे माहितीपत्रक घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला. ‘पीएमपी’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवा व आकर्षक वेतनाची नोकरी मिळवा, असा त्या पत्रकाचा आशय होता. लेखकाने उत्साहाने होकार दिला. भाताचे पीक विकून आलेल्या रकमेतून घरच्यांनी शुल्क भरले. वर्ग पूर्ण झाल्यावर परीक्षेचा अर्ज भरताना असे आढळले की, या परीक्षेस बसण्यासाठी प्रत्यक्ष प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आवश्यक असतो. विद्यार्थ्याकडे एक दिवसाचाही अनुभव नव्हता. वर्गाने ही अट सांगितली नव्हती हे खरे. परंतु सल्ला देणाऱ्या प्राध्यापकासही ती ठाऊक नव्हती, हेही तितकेच खरे. सदर लेख त्या अज्ञानाची अंशतः भरपाई म्हणून लिहिला आहे.

अभ्यासक्षेत्र म्हणून भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील दोन डोंगराळ तालुके निवडले आहेत. (मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे ‘राजगड’ असे नामांतर करण्यास मान्यता दिली. लेखातील बहुतांश घटना त्यापूर्वीच्या असल्याने येथे जुने नाव ठेवले आहे.) हे तालुके निवडण्याचे कारण केवळ लेखकाची सोय हे नव्हे. भाटघर, पानशेत, नीरा-देवघर व गुंजवणी एवढी धरणे या दोन तालुक्यांत आहेत. मोठे प्रकल्प म्हणजे काय, ते कसे पूर्ण होतात, कसे रखडतात आणि एखादा कसा कोसळतो, हे येथील माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. प्रमाणपत्राच्या मूल्याची चर्चा करण्यास याहून योग्य पार्श्वभूमी क्वचितच मिळेल.

पदवी, परवाना आणि प्रमाणपत्र

विशिष्ट उद्दिष्ट, ठरावीक आरंभ व शेवट आणि मर्यादित साधनसामग्री असलेले तात्पुरते कार्य म्हणजे प्रकल्प होय. कालव्याचे दैनंदिन पाणीवाटप हा प्रकल्प नव्हे. कालवा बांधणे हा प्रकल्प आहे. या कार्याची व्याप्ती, कालावधी, खर्च, गुणवत्ता व जोखीम यांचा मेळ घालणारी व्यक्ती म्हणजे प्रकल्प व्यवस्थापक.

पदवी, परवाना व प्रमाणपत्र या तीन संज्ञांची गल्लत आपल्याकडे सर्रास होते. पदवी विद्यापीठ देते व ती शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगते. परवाना कायद्यान्वये मिळतो आणि त्याच्याशिवाय तो व्यवसाय करता येत नाही. सनदी लेखापालासाठी १९४९ चा कायदा आहे, वैद्यकास नोंदणी लागते, तारतंत्रीसही परवाना लागतो. व्यावसायिक प्रमाणपत्र या दोहोंहून वेगळे आहे. ते एखादी व्यावसायिक संघटना आपल्या कसोट्यांवर देते, त्याची मुदत असते आणि ते नसले तरी काम करण्यास कायद्याची आडकाठी नसते. भारतात प्रकल्प व्यवस्थापकास कोणताही परवाना लागत नाही. येथे एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. महारेराने २०२३ मध्ये स्थावर मालमत्तेच्या दलालांना प्रशिक्षण व परीक्षा उत्तीर्ण होऊन सक्षमता प्रमाणपत्र घेणे बंधनकारक केले. म्हणजे पुणे-सातारा महामार्गालगतच्या एखाद्या गृहप्रकल्पातील सदनिका विकणाऱ्यास प्रमाणपत्र लागते. तो गृहप्रकल्प वेळेत उभा करण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्या व्यवस्थापकास मात्र लागत नाही.

प्रमुख प्रमाणपत्रांचा परिचय

अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, अर्थात पीएमआय, ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. तत्पूर्वीच्या दशकात क्रिटिकल पाथ पद्धत (१९५७) व पर्ट (१९५८) ही तंत्रे विकसित झाली होती. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमांतून ती आपण आजही शिकवतो. या तंत्रांचा वापर करणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसाय आहे, हे प्रस्थापित करण्याचा प्रयत्न पीएमआयने केला व १९८४ मध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ म्हणजे पीएमपी हे प्रमाणपत्र सुरू केले. चार वर्षांची वा समतुल्य पदवी असल्यास ३६ महिने व केवळ माध्यमिक स्तराचे शिक्षण असल्यास ६० महिने प्रकल्पनेतृत्वाचा अनुभव, शिवाय ३५ तासांचे प्रशिक्षण, अशा अटी त्यास राहिल्या आहेत. जानेवारी २०२१ मध्ये लागू झालेल्या स्वरूपानुसार परीक्षेत १८० प्रश्न व २३० मिनिटांचा वेळ होता. प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी असते. ते टिकविण्यासाठी त्या अवधीत ६० व्यावसायिक विकास गुण मिळवावे लागतात. परीक्षा मराठीत देता येत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

याच संस्थेचे ‘कॅपम’ हे प्रारंभिक प्रमाणपत्र अनुभवाविना, २३ तासांच्या प्रशिक्षणावर घेता येते. ब्रिटनमध्ये शासकीय संगणक प्रकल्पांसाठी १९८९ मध्ये निर्माण झालेली व १९९६ मध्ये सर्वसाधारण प्रकल्पांसाठी विस्तारलेली ‘प्रिन्स टू’ ही पद्धती पायाभूत व व्यावहारिक अशा दोन स्तरांवर प्रमाणित केली जाते. युरोपात १९६५ मध्ये उगम पावलेल्या ‘इप्मा’ या महासंघाची चार स्तरांची रचना असून वरच्या स्तरांवर लेखी परीक्षेपेक्षा केलेल्या कामाचा अहवाल व मुलाखत यांवर भर असतो. स्वयंसेवी संस्थांमधील कार्यकर्त्यांसाठी ‘पीएमडी प्रो’ हे तुलनेने कमी खर्चाचे प्रमाणपत्र आहे. वेल्ह्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांचे ग्रामविकसनाचे काम दीर्घकाळ चालू असल्याने या क्षेत्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याची माहिती द्यावयास हवी. बांधकाम क्षेत्रात प्रमाणपत्राऐवजी पूर्ण पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे असल्यास १९८३ मध्ये स्थापन झालेली व आता विद्यापीठ झालेली निकमार ही संस्था पुण्यातच बालेवाडी येथे आहे.

मूल्य नेमके कोठून येते?

प्रमाणपत्रास बाजारात मूल्य का प्राप्त होते, याचे अर्थशास्त्रीय उत्तर दोन प्रकारे दिले जाते. गॅरी बेकर यांच्या मानवी भांडवलाच्या सिद्धांतानुसार प्रशिक्षणाने व्यक्तीची उत्पादकता वाढते व त्यामुळे वेतन वाढते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत सिद्धांतानुसार मात्र प्रशिक्षणाने उत्पादकता वाढलीच पाहिजे असे नाही. नोकरी देणाऱ्यास उमेदवाराची गुणवत्ता आधी कळत नसते. जे प्रमाणपत्र कुशल व्यक्तीस कमी कष्टात व अकुशल व्यक्तीस अधिक कष्टात मिळते, ते गुणवत्तेचा विश्वासार्ह संकेत ठरते. स्पेन्स यांना याच स्वरूपाच्या संशोधनासाठी २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पीएमपीच्या बाबतीत दुसरे स्पष्टीकरण अधिक लागू पडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ३६ महिन्यांची अट हीच त्या प्रमाणपत्राची खरी किंमत आहे. परीक्षेची तयारी काही महिन्यांत होऊ शकते. तीन वर्षांचा अनुभव कोणत्याही वर्गात विकत मिळत नाही. म्हणूनच प्रमाणपत्रधारकांचे वेतन इतरांपेक्षा अधिक असते, असे दर्शविणारी सर्वेक्षणे सावधपणे वाचावी लागतात. अशी सर्वेक्षणे बहुधा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाच करतात, त्यांतील वेतनाचे आकडे उत्तरदात्यांनी स्वतः सांगितलेले असतात, आणि ज्यांना अनुभव व महत्त्वाकांक्षा दोन्ही आहेत तेच मुळात प्रमाणपत्र घेतात. त्यांचे वेतन प्रमाणपत्रामुळे वाढले की ते वाढणारच होते, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

संकेताचे मूल्य तो दुर्मीळ असेपर्यंतच टिकते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू केला तेव्हा तो उत्तीर्ण होणारा तरुण गावात वेगळा ठरत असे. शासकीय सेवेसाठी ती अट झाल्यावर प्रत्येकाकडे ते प्रमाणपत्र आले. ते नसणे ही त्रुटी ठरू लागली, असणे ही गुणवत्ता राहिली नाही. अर्थात त्या निमित्ताने लाखो लोकांचा हात संगणकावर बसला, हा लाभ नाकारता येणार नाही. प्रमाणपत्रांच्या नशिबाविषयी बोलताना प्रस्तुत लेखकास स्वतःचाही अपवाद करता येत नाही: परिश्रमपूर्वक संपादन केलेली एम.फिल. ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांद्वारे बंद केली.

याखेरीज एक तिसरा लाभ आहे व तो बहुधा दुर्लक्षित राहतो. प्रमाणपत्रामुळे एक समान परिभाषा मिळते. व्याप्ती, टप्पा, अवलंबित्व, जोखीम नोंदवही, बदल नियंत्रण या शब्दांचा अर्थ पुण्यातील अभियंत्यास व त्याच्या परदेशी ग्राहकास सारखाच समजतो. शिरवळच्या कारखान्यातील पर्यवेक्षकास ‘काम जरा लांबेल’ असे सांगणे व ‘अमुक सुटा भाग तमुक तारखेस न आल्यास अंतिम चाचणी बारा दिवसांनी पुढे जाईल’ असे लिहून देणे यांत फार अंतर आहे. दुसऱ्या विधानावर निर्णय घेता येतो.

पानशेत : परिभाषा आणि अधिकार

समान परिभाषा मिळाली म्हणजे प्रकल्प सुरक्षित झाला, असे मात्र नाही. याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण वेल्हे तालुक्यातच आहे. मुठा खोऱ्यात अंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधण्यात येत होते. १९६१ च्या पावसाळ्यात धरणाची सर्व कामे पूर्णत्वास गेलेली नसतानाच जलाशयात पाणी साठले. पाणी नियंत्रितपणे सोडणाऱ्या विमोचकाचे काम व त्याच्या दरवाजाची उचलयंत्रणा अपूर्ण होती. जुलैमध्ये अतिवृष्टी झाली, पातळी झपाट्याने वाढली आणि विमोचकाच्या वरील भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून खचलेला भाग उंच ठेवण्याचा प्रयत्न करीत होते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. खाली एकोणिसाव्या शतकात बांधलेले खडकवासल्याचे दगडी धरण होते. तेही त्याच दिवशी फुटले व मुठाकाठचे पुणे पाण्याखाली गेले. पूर ओसरल्यावर ज्या शहरात पाणी शिरले होते त्याच शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता. चौकशीसाठी प्रथम न्या. बावडेकर यांचा व त्यांच्या मृत्यूनंतर न्या. नाईक यांचा आयोग नेमण्यात आला.

या दुर्घटनेकडे आजवर प्रामुख्याने स्थापत्यशास्त्राच्या अंगाने पाहिले गेले. प्रकल्प व्यवस्थापनाच्या अंगाने पाहता तिचे स्वरूप आणखी स्पष्ट होते. मातीच्या धरणाच्या बांधकामात पावसाळा ही न हलणारी तारीख असते. विमोचक पूर्ण होणे व पाणी अडविणे या दोन कामांत अवलंबित्व आहे: पहिले पूर्ण झाल्याशिवाय दुसरे सुरू होता कामा नये. पर्टच्या जाळ्यात हे दाखविण्यास एक बाण पुरतो. द्वितीय वर्षाचा विद्यार्थीही तो काढेल. पानशेतच्या अभियंत्यांना हे कळत नव्हते, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. ते उच्चशिक्षित होते आणि पाण्याचा दाब त्यांना ठाऊक होता. प्रश्न असा आहे की, ‘या पावसाळ्यात पाणी अडवू नये’ हे वाक्य लेखी स्वरूपात कोणी, कोणास, कोणत्या अधिकाराने सांगावयाचे आणि ते ऐकणे कोणावर बंधनकारक होते?

येथे प्रमाणपत्राच्या मूल्याची मर्यादा दिसते. पीएमपी हे प्रमाणपत्र १९८४ मध्ये, म्हणजे पानशेतनंतर २३ वर्षांनी आले. ते आधी असते तर दुर्घटना टळली असती, असा दावा कोणीही करू नये. जोखीम ओळखणे, तिची संभाव्यता व परिणाम यांची नोंद करणे, ती वरिष्ठांपर्यंत पोहोचविणे, हे प्रमाणपत्र शिकविते. थांबण्याचा अधिकार ते देऊ शकत नाही. पीएमआयच्या मार्गदर्शक ग्रंथात त्यासाठी ‘प्रोजेक्ट चार्टर’ म्हणजे प्रकल्पाची सनद ही संकल्पना आहे. व्यवस्थापकास साधनसामग्री वापरण्याचा अधिकार तिच्यातून मिळतो. सनद हा शब्द भोरसारख्या जुन्या संस्थानी गावात समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्या हाती सनद त्याचा अधिकार. नुसत्या विद्वत्तेस वतन मिळत नसे. प्रिन्स टू पद्धतीत याहून पुढे जाऊन प्रत्येक टप्प्याच्या शेवटी प्रकल्प मंडळाची मान्यता मिळाल्याखेरीज पुढचा टप्पा सुरू करता येत नाही. म्हणजे थांबणे हा तेथे अपवाद नसून नियम आहे. ज्या संस्थेने ही रचना स्वीकारली आहे तेथे प्रमाणित व्यवस्थापकास मूल्य आहे. ज्या संस्थेने ती स्वीकारलेली नाही, तेथे तोच व्यवस्थापक केवळ अधिक नेमक्या शब्दांत चिंता व्यक्त करील.

गुंजवणी व नीरा-देवघर

पानशेत हे घाईचे उदाहरण मानले तर विलंबाची उदाहरणे शेजारीच आहेत. वेल्हे तालुक्यातील धानेप येथील गुंजवणी प्रकल्पाची सुरुवात १९९० च्या दशकातील. सुमारे ३.६९ अब्ज घनफूट क्षमतेच्या या प्रकल्पाचे पाणी वेल्हे, भोर व पुरंदर या तालुक्यांसाठी आहे. पुनर्वसनाच्या प्रश्नामुळे काम दीर्घकाळ रेंगाळले. दरम्यान उघड्या कालव्यांऐवजी बंद नलिकेतून पाणी नेण्याचा निर्णय झाला. बंद नलिकेमुळे भूसंपादन व गळती कमी होते, हे मान्य. परंतु प्रकल्प चालू असताना वितरणाची संपूर्ण पद्धतच बदलणे हा प्रकल्प व्यवस्थापनाच्या भाषेत व्याप्तीतील मोठा बदल आहे. अशा बदलाचा खर्च, कालावधी व लाभक्षेत्र यांवरील परिणाम एकत्रित मांडून मगच तो स्वीकारावा, यास बदल नियंत्रण म्हणतात. आपल्या पाटबंधारे व्यवहारात त्याच्या जागी ‘सुप्रमा’ म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता असते. फरक असा की, बदल नियंत्रणात मान्यता बदलाच्या आधी अपेक्षित असते. सुप्रमा अनेकदा खर्च वाढून गेल्यावर त्याला मागाहून मिळणारी मान्यता ठरते. राज्यातील सिंचन प्रकल्पांच्या चौकशीसाठी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विशेष पथकाच्या २०१४ च्या अहवालामुळे हा शब्द सर्वसामान्य वृत्तपत्रवाचकापर्यंत पोहोचला.

भोर तालुक्यातील नीरा-देवघरची कथा निराळी आहे. तेथे धरण झाले, पाणी साठले. परंतु खंडाळा, फलटण व माळशिरस तालुक्यांकडे जाणारे कालवे अनेक वर्षे अपूर्ण राहिले. धरण हे दृश्य कार्य असते, त्याचे जलपूजन होते. कालव्याच्या अखेरच्या टोकाला पाणी पोहोचणे हे फलित असते. कार्य पूर्ण होणे व फलित साध्य होणे यांतील हा भेद पीएमआयने आपल्या ग्रंथाच्या २०२१ च्या सातव्या आवृत्तीत ठळकपणे मांडला. सहाव्या आवृत्तीतील ४९ प्रक्रियांच्या जागी १२ तत्त्वे केंद्रस्थानी आणण्यात आली, आणि प्रकल्पाने काय निर्माण केले यापेक्षा त्यातून कोणास कोणता लाभ पोहोचला यावर भर देण्यात आला. माळशिरसचा शेतकरी ही गोष्ट कोणत्याही आवृत्तीची वाट न पाहता सांगत आला आहे.

तीच बाब ‘हितसंबंधी’ या संज्ञेची. वेल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. धरणाखाली जमीन जाणाऱ्या माणसाचे म्हणणे विचारात घेतल्याशिवाय प्रकल्प पुढे जाऊ नये, ही मागणी त्यात होती. पीएमआयच्या ग्रंथात हितसंबंधीयांचे व्यवस्थापन हे स्वतंत्र ज्ञानक्षेत्र म्हणून समाविष्ट झाले ते २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत. म्हणजे या विषयाचे पाठ्यपुस्तक आपल्याकडे खोऱ्यांत लिहिले गेले आणि परीक्षा मात्र नंतर परदेशातून आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुस्तकातील ‘हितसंबंधी’ व आपल्याकडील ‘प्रकल्पग्रस्त’ हे समानार्थी शब्दही नव्हेत. पहिल्याचे व्यवस्थापन करावयाचे असते. दुसऱ्यास कायद्याने हक्क आहेत. हा भेद परीक्षेत विचारला जात नाही, पण भोर तालुक्यातून जाणाऱ्या पुणे वर्तुळाकार रस्त्यासारख्या कामावर रुजू होणाऱ्या तरुणास पहिल्याच महिन्यात तो कळतो.

शासनस्तरावरील स्थिती

शासकीय अभियंत्याचा अधिकार त्याच्या पदातून येतो, प्रमाणपत्रातून नव्हे. त्यामुळे सार्वजनिक बांधकामात या प्रमाणपत्रांना आजवर फारसे स्थान नव्हते. केंद्र शासनाचे सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी रुपये व त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांवर देखरेख ठेवते, आणि त्याच्या अहवालांत कालावधी व खर्च वाढलेल्या प्रकल्पांची यादी नियमितपणे मोठी असते. या पार्श्वभूमीवर नीती आयोग व भारतीय गुणवत्ता परिषद यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम व प्रकल्प व्यवस्थापन धोरणाचा आराखडा जाहीर केला. पायाभूत सुविधांसाठी भारतीय ज्ञानसंहिता तयार करणे व प्रकल्पांत काम करणाऱ्यांचे प्रमाणीकरण करणे, या बाबी त्यात होत्या. भारतीय भूसंपादन, भारतीय निविदा पद्धती व भारतीय पावसाळा यांचा विचार करणारी परिभाषा आपली आपण तयार करावी, ही त्यामागील भूमिका स्वागतार्ह आहे. ब्रिटनमध्ये या व्यवसायाच्या संघटनेस २०१७ मध्ये राजसनद मिळाली व त्यानंतर ‘चार्टर्ड’ व्यवस्थापकांची नोंदणी सुरू झाली. भारतात तशी कायदेशीर मान्यता यावी काय, याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, जेथे माणसांचा जीव धोक्यात येऊ शकतो अशा प्रकल्पांपुरती ती यावी. संगणकप्रणालीच्या प्रकल्पास तिची आवश्यकता नाही.

महाविद्यालयीन सल्ल्याच्या दृष्टीने

भोर व वेल्हे परिसरातील आपले विद्यार्थी सामान्यतः तीन दिशांनी जातात: शिरवळ व खेड-शिवापूर परिसरातील उद्योग, पुण्यातील माहिती तंत्रज्ञान कंपन्या, आणि स्पर्धा परीक्षा. यांपैकी पहिल्या दोन गटांतील विद्यार्थ्याने पदवीच्या काळात पीएमपीच्या वर्गासाठी पैसे खर्च करू नयेत. कॅपम घ्यावयास हरकत नाही; परंतु त्याचा उपयोग परिभाषा शिकण्यासाठी आहे, ते दाखवून व्यवस्थापकाचे पद मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ज्याचे इंग्रजी वाचन कच्चे आहे त्याने तोच पैसा व वेळ प्रथम त्यासाठी वापरावा. माहितीपत्रकात पात्रतेची अट छापलेली नसेल तर ती वर्गाकडून लेखी मागावी. वर्गाच्या हाती शुल्क पडण्यापूर्वी ती संस्थेच्या मूळ नियमावलीत पाहावी. हे काम विद्यार्थ्याचे नसून सल्ला देणाऱ्या प्राध्यापकाचे आहे, असे लेखकास आता वाटते.

पदवीच्या काळात करता येण्याजोगी एक गोष्ट बिनखर्चाची आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, बंधाऱ्याचे श्रमदान, महाविद्यालयीन चर्चासत्र हे सारे लहान प्रकल्पच आहेत. त्यांचे नियोजन विद्यार्थ्यांकडे सोपवून व्याप्ती, वेळापत्रक, जोखमी व झालेले बदल यांची नोंदवही ठेवावयास लावली, तर परिभाषा अंगवळणी पडते. आमच्या विभागाने एका शिबिरात असा प्रयोग केला. नोंदवहीत विद्यार्थ्यांनी लिहिलेली पहिली जोखीम पावसाची नव्हती, निधीची नव्हती. ‘सर ऐनवेळी कार्यक्रम बदलतात’ ही होती. ती नोंद खोडण्याचा मोह झाला होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

नोकरी लागल्यावर मात्र चित्र बदलते. पहिल्या दिवसापासून आपण कोणत्या प्रकल्पात, कोणत्या काळात, कोणती जबाबदारी पार पाडली याची नोंद ठेवणे आवश्यक असते, कारण पीएमपीच्या अर्जात ती द्यावी लागते व निवडक अर्जांची पडताळणी होते. तीन-चार वर्षांनी तीच नोंद शोधावयास गेल्यास वरिष्ठ बदललेले असतात आणि कंपनीही बदललेली असते.

आरंभी उल्लेखिलेला विद्यार्थी सध्या शिरवळजवळील एका कारखान्यात नवीन यंत्रे बसविण्याच्या कामावर आहे. वर्गाचे शुल्क परत मिळाले नाही. मात्र तेथे मिळालेली टिपणे त्याने जपून ठेवली आहेत व एका वहीत तो महिन्यांची नोंद करतो. गेल्या दिवाळीत तो भेटावयास आला तेव्हा त्या वहीत १९ महिने भरले होते. त्यांपैकी नेतृत्वाचे किती व केवळ मदतनीस म्हणून केलेले किती, हे त्याने वेगवेगळ्या शाईने लिहिले होते आणि दुसऱ्या प्रकारचे महिने मोजावेत काय, असे त्याने विचारले. या वेळी नियमावली पाहूनच उत्तर दिले: ते मोजू नयेत.